शेंगा चटणीचं पाकीट आणण्याआधी सोलापुरात ग्राहक पाहणी कशी करावी?

उखळ (सोमवार, रात्री ८.४०)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या काही बचत गटांनी मिळून शेंगा चटणी पाकिटातून विकायचं ठरवलं आहे. सुटी चटणी गल्लोगल्ली मिळते, त्यामुळे पाकिटांवर पैसे खर्च करण्याआधी पाहणी करायची आहे. ठरवायच्या गोष्टी चार: पाकीट १००, २०० की २५० ग्रॅमचं, किंमत किती, तिखट आणि लसूण किती, आणि प्लॅस्टिकचं पाऊच की काचेची बरणी.

सध्याचा बेत असा. गूगल फॉर्म करून व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकायचा, हजारभर उत्तरं येतील असा अंदाज आहे. शिवाय रविवारी नवी पेठेत टेबल मांडून लोकांना चव द्यायची. प्रश्नांचा कच्चा मसुदा:

१. तुम्हाला शेंगा चटणी आवडते का?
२. उखळात कुटलेली, शुद्ध, घरगुती चटणी पाकिटात मिळाली तर घ्याल का?
३. महिन्याला साधारण किती चटणी लागते?
४. २०० ग्रॅमला किती रुपये द्याल?
५. पर्यावरणासाठी काचेची बरणी असावी असं वाटतं का?

हजार उत्तरं पुरतील का? आणि प्रश्न बरे आहेत का? जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड (सोमवार, रात्री ९.२५)

आधी हजाराचं बघू. नमुना खरोखर यादृच्छिक असेल, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असेल, तर ४०० लोकांत ५० टक्क्यांच्या आसपासचा आकडा वर-खाली ४.९ टक्क्यांनी चुकू शकतो (९५ टक्के खात्रीने). १०० लोकांत ९.८ टक्के, १,००० लोकांत ३.१ टक्के. म्हणजे चारशेवरून हजारावर जाताना अडीच पट मेहनत करून हाताला दोन टक्के लागतात. शहर केवढं आहे याचा इथे जवळजवळ काहीच संबंध येत नाही. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, ती दुप्पट असती तरी ४०० ला तेवढीच चूक.

पण हे गणित फक्त यादृच्छिक नमुन्याला लागू पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या फॉर्मला चुकीची मर्यादा काढताच येत नाही, कारण कोणाला निवडलं जाण्याची शक्यता किती होती हेच माहीत नसतं. अमेरिकेत १९३६ च्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट मासिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २३ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि अध्यक्षपदाचे उमेदवार लँडन जिंकणार असं मासिकाने छापलं. त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून, मंदीच्या काळात. त्यात ज्यांना उत्तर पाठवावंसं वाटलं त्यांचीच मतं आली. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी ५० हजारांच्या आसपास लोकांवरून निकाल बरोबर सांगितला होता.

तुमचा फॉर्म भरणार कोण? गटातल्या ताईंचे नातेवाईक, त्यांच्या ओळखीचे, म्हणजे तुमचं भलं चिंतणारे. हजारातले नऊशे 'घेऊ की' म्हणतील.

पूर्वभागकर (सोमवार, रात्री १०.०५)

आकडेमोड यांच्याशी सहमत. सोलापुरात कोण सुटतं ते नेमकं सांगतो.

पूर्व भाग, म्हणजे अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, दाजी पेठ, दत्त नगर, तिथून पुढे विडी घरकुलपर्यंत. तेलुगू बोलणारी घरं, यंत्रमागावर पाळीत काम करणारे पुरुष, घरी विड्या वळणाऱ्या बायका. मराठी फॉर्म इथल्या बऱ्याच घरांत उघडलाच जाणार नाही. उघडला तर कॉलेजातली मुलगी भरेल, आणि चटणी विकत घेते तिची आई किंवा आजी. विजापूर वेस, बेगम पेठ या बाजूला दखनी उर्दू, आणि शहरात कन्नड बोलणारी घरं तर सगळीकडे. जुळे सोलापूर, होटगी रोड, सैफुल या नव्या वसाहतींतली उत्तरं मात्र धो धो येतील.

घरोघरी जायचं म्हटलं तर वेळेचं गणित असं. ज्या वस्तीत ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी तिथे जाऊच नका. रोज पाणी येत नाही, त्यामुळे त्या दोन-तीन तासांत घरातलं माणूस नळ सोडून दारात उभं राहणार नाही. राहिलंच तर 'हो हो' करून कटवेल. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता, हे वस्तीतल्या किराणा दुकानात आदल्या दिवशी विचारून घ्या. विडी कामगार बाई विड्या जमा करायला कारखान्यात जाते ती वेळही टाळा. दुपारी ती घरी असते, सुपात पान-तंबाखू घेऊन बसलेली, हात चालू ठेवून उत्तरं देते. तिला टॅब हातात देऊन 'तुम्हीच टिक करा' म्हणू नका, तिच्या हाताला तंबाखू असते आणि मजुरी विड्यांच्या संख्येवर आहे. तुम्ही विचारा, ती बोलेल.

उन्हाळ्यात सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८, एवढंच. एप्रिल-मे मध्ये दुपारी एक वाजता दार वाजवलं तर माणूस उत्तर देतो ते लवकर दार लावण्यासाठी.

उखळ (मंगळवार, सकाळी ७.१५)

फॉर्म बाद. मग घरं निवडायची कशी? आम्हाला सगळ्या प्रभागांत फिरणं जमेल, माणसं पाच-सहा मिळतील.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ९.५०)

४०० घरांचं धरून चालू. ४० ठिकाणं, प्रत्येकी १० घरं.

प्रभागांची यादी घ्या, समोर लोकसंख्या लिहा, तिसऱ्या रकान्यात बेरीज चढवत न्या. शेवटचा आकडा ९,५१,५५८ येईल. त्याला ४० ने भागा: अंतर २३,७८९. आता १ ते २३,७८९ मधली एक संख्या चिठ्ठी टाकून काढा, त्यात २३,७८९ मिळवत चला. प्रत्येक संख्या चढत्या बेरजेत ज्या प्रभागात पडते तिथे एक ठिकाण. मोठ्या प्रभागाला आपोआप जास्त ठिकाणं मिळतात. एक अडचण आहे: ही लोकसंख्या २०११ ची, आणि त्यानंतर शहर कडेकडेने बरंच वाढलं. म्हणून लोकसंख्येऐवजी चालू मतदार यादीतली मतदारसंख्या घेतली तर जास्त बरं.

प्रभागात शिरल्यावर मतदार यादीचा एक भाग चिठ्ठीने काढा. भागाच्या हद्दीत गल्ल्यांची नावं असतात, तो भाग म्हणजे तुमचं ठिकाण. यादीतल्या नावांना हात लावायचा नाही, फक्त हद्द वापरायची. सुरुवातीचा कोपरा आधीच कागदावर ठरवून द्या. तिथून उजव्या हाताने चालत दर पाचवं घर. वाडा किंवा अपार्टमेंट लागलं तर प्रत्येक चूल एक घर मोजा, इमारत नव्हे. कुलूप असेल तर तीन वेळा जायचं, तिन्ही वेगवेगळ्या वेळी. तिसऱ्यांदाही कुलूप असेल तेव्हाच पुढचं घर. ही शिस्त मोडली की नमुन्यात दिवसभर घरी असणारेच भरतात आणि यंत्रमागावर दोघेही जाणारं घर गायब होतं.

एका ठिकाणची घरं एकमेकांसारखी असतात, त्याचा दंड भरावा लागतो. घराघरांतलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे अगदी सारखी) ०.०५ धरलं तर १० घरांच्या गटाला १ + (९ × ०.०५) = १.४५ ने भागायचं. ४०० घरांची ताकद २७६ घरांएवढी राहते, चूक ५.९ टक्के. चालणं वाचवायला २० ठिकाणं आणि प्रत्येकी २० घरं केलीत तर ताकद २०५ वर येते, चूक ६.८. म्हणून ठिकाणं वाढवा, एका ठिकाणची घरं कमी ठेवा.

आणि निकाल तोडताना जपून. '४०० पैकी तेलुगू घरं ५० निघाली, त्यातल्या ६० टक्क्यांना तिखट आवडतं' या वाक्यातली चूक वर-खाली १३.६ टक्के आहे. पूर्व भागाचा वेगळा निष्कर्ष हवा असेल तर तिथे आधीच जास्त घरं घ्या, आणि शहराचा एकूण आकडा काढताना त्यांचं वजन कमी करा, म्हणजे शहरात त्यांचा जेवढा वाटा तेवढंच त्यांना मोजा.

कसबा_पेठ (मंगळवार, सकाळी ११.३०)

घरात कोणाला विचारायचं तेही लिहा की. दार उघडेल त्याला?

आकडेमोड (मंगळवार, दुपारी १२.१०)

दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी माणसं. खरेदी, किंमत, पाकिटाचा आकार: घरात किराणा कोण आणतं ते विचारून त्याच व्यक्तीशी बोला. आवड, तिखटपणा: घरातल्या १८ वर्षांवरच्या माणसांत ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार आहे त्याला. वाढदिवस माहीत नसणारी वयस्कर मंडळी असतात, तिथे संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांचा १९४९ चा तक्ता वापरा: माणसं वयाच्या उतरत्या क्रमाने लिहायची आणि तक्ता सांगेल त्या क्रमांकाला विचारायचं.

प्रश्नचिन्ह (मंगळवार, दुपारी ३.४५)

मसुद्यातले प्रश्न एकेक करून घेते. मला वाटतं खरं नुकसान इथेच होतं, कारण नमुना कितीही चांगला निवडला तरी वाकडा प्रश्न चारशे वेळा वाकडाच विचारला जातो.

प्रश्न १. सोलापुरात 'शेंगा चटणी आवडते का' याला 'नाही' म्हणणारं माणूस शोधावं लागेल. ज्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देणार त्यातून काही कळत नाही. काढून टाका. त्याऐवजी: 'काल दिवसभरात घरात कोणी शेंगा चटणी खाल्ली का? कशाबरोबर?' भाकरी, दही, पोळी, डब्यात, की प्रवासात.

प्रश्न २. 'शुद्ध', 'घरगुती', 'उखळात कुटलेली' हे तीन शब्द उत्तर सुचवतात. शिवाय एकाच प्रश्नात तीन गोष्टी आहेत. बाईला उखळातली हवी असेल पण पाकिटातली नको असेल तर तिने काय सांगायचं? पाकीट हातात द्या, एकही विशेषण न लावता, आणि विचारा: 'पुढच्या वेळी चटणी संपली की हे पाकीट घ्याल, नेहमीच्या दुकानातून सुटी घ्याल, घरी कुटाल, की घेणारच नाही?' पर्यायांत तिचा आजचा मार्ग असायलाच हवा. पर्यायांचा क्रमही घरागणिक फिरवा.

प्रश्न ३. 'महिन्याला साधारण' याचं उत्तर कोणाच्याच डोक्यात तयार नसतं. ती जागेवर अंदाज करते आणि तोंडाला येईल तो गोल आकडा सांगते. त्यापेक्षा शेवटच्या खरेदीवर या: कधी आणली, कुठून, किती, किती पैसे दिले, घरात खाणारे किती. 'पावशेर' म्हणाली तर तसंच लिहा, ग्रॅममध्ये नंतर बदला. शेवटची खरेदी महिन्यापूर्वीची असेल तर तारखेला दिवाळी, गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा), पगार असा खुंटा द्या, नाहीतर दोन महिन्यांपूर्वीची खरेदी 'गेल्या महिन्यात' सरकते. आणि शक्य तिथे चटणीचा डबा बघायला मागा. डब्यात काय आहे, किती आहे, ओली आहे की कोरडी, हे डोळ्यांनी पाहून लिहिलं की 'आम्ही तर घरीच कुटतो' म्हणणाऱ्या घरातली दुकानाची पिशवीही दिसते.

प्रश्न ५ सगळ्यात घातक. 'पर्यावरणासाठी' म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे, प्लॅस्टिक वाईट हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. इथे मत विचारू नका, पैसे मोजायला लावा. तीच चटणी, तेवढीच, दोन वेष्टनांत, बरणीला तिचा खरा जादा खर्च लावून किंमत लिहायची, आणि एक उचलायला सांगायचं. त्याच माणसाने आधी काय मत दिलं आणि मग काय उचललं यातली तफावत हाच तुमच्या कामाचा आकडा.

तेलुगू, कन्नड, उर्दू प्रश्नावली लेखी हवी. मुलाखतकाराने दारात उभं राहून मनाने भाषांतर करायचं नाही, कारण पाच जण पाच वेगळे प्रश्न विचारतील. एकाने भाषांतर करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते मराठीत परत आणावं, फरक दिसतील तिथे दुरुस्त करावं. मग १५-२० घरांत कच्ची चाचणी. कच्च्या चाचणीतली घरं अंतिम हिशेबात धरायची नाहीत.

दुकानदार_टिळकचौक (मंगळवार, सायंकाळी ६.२०)

सगळं वाचलं. अभ्यासू आहे. पण छोट्या गटांना एवढं झेपणार का? सरळ वीस दुकानांत पाकिटं ठेवा, पंधरा दिवसांत किती गेली ते मोजा. गिऱ्हाईक पैसे टाकून जे सांगतं ते खरं.

प्रश्नचिन्ह (मंगळवार, सायंकाळी ७.०५)

दादा, विक्रीची चाचणी हवीच, पण ती 'किती' सांगते, 'का' सांगत नाही. पाकिटं पडून राहिली तर किंमत जास्त होती, चव पटली नाही, की गल्ल्यामागे ठेवल्याने दिसलीच नाहीत, हे कळणार नाही. तीनपैकी कोणती गोष्ट बदलायची?

दुकानदार_टिळकचौक (मंगळवार, सायंकाळी ७.४०)

हे पटतं. मग दुकानात चाचणी करताना या गोष्टी पाळा. दुकानं निम्मी मोठी, निम्मी गल्लीतली घ्या. सगळीकडे पाकीट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या उंचीवर, सुट्या चटणीच्या शेजारी. अर्ध्या दुकानांत एक किंमत, अर्ध्या दुकानांत दुसरी, पण जवळजवळच्या दोन दुकानांत वेगळ्या किमती नकोत, संध्याकाळपर्यंत बोभाटा होतो. किमतीप्रमाणे छपाई वेगळी करा, छापील किमतीवर पेनाने खाडाखोड नको. दुकानदाराला नफा दोन्हीकडे सारखा ठेवा, नाहीतर ज्यात जास्त सुटतं ते तो स्वतःच पुढे करतो.

पहिल्या आठवड्यातली विक्री बाजूला ठेवा, ती नवलाईची असते. आणि एक माणूस दोन तास दुकानात बसवून नुसतं मोजायला सांगा: चटणी मागणारे किती आले, नाव घेऊन मागितली की 'चटणी द्या' म्हणाले, पाकीट हातात घेऊन मागे ठेवलं का, ठेवण्याआधी काय वाचलं. किंमत की तारीख? त्याने गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही.

जिभेची_पारख (मंगळवार, रात्री ९.३०)

नवी पेठेतल्या टेबलाबद्दल. रविवारी संध्याकाळी तिथे खरेदीला आलेली माणसं म्हणजे शहर नव्हे, पण दोन चटण्यांत फरक शोधायला ती चालतील. शहरात किती टक्के लोकांना आवडेल हा दावा मात्र त्यावरून करू नका. आणि रस्त्यावर नको, वाहता वारा, धूर, बाजूला भजी तळली जात असतील तर नाक कामातून गेलं. जवळची एखादी खोली घ्या.

चाखायला देण्याआधी तीन प्रश्न विचारायचेच: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, आज उपवास आहे का, गेल्या अर्ध्या तासात पान-तंबाखू-चहा झाला का. अ‍ॅलर्जी असणाऱ्याला चुकूनही नमुना जाता कामा नये. दिवस निवडताना एकादशी, श्रावणी सोमवार टाळा, लसूण घातलेली चटणी कोणी तोंडात घेणार नाही. रमजानमध्ये दिवसा चाचणी ठेवली तर मुस्लिम ग्राहक पूर्ण सुटतात. जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत बाहेरगावची गर्दी शिरते.

नमुन्यांना अ-ब किंवा १-२ नावं नकोत, लोक पहिल्याला झुकतं माप देतात. तीन आकडी सांकेतिक क्रमांक द्या, समजा ४७२ आणि ८१५. निम्म्यांना ४७२ आधी, निम्म्यांना ८१५ आधी. दोन्ही चटण्या एकाच दिवशी कुटलेल्या, एकाच शेंगदाण्याच्या पोत्यातल्या. कुटल्यावर तेल सुटतं ते खाली-वर होतं, म्हणून प्रत्येक वेळी ढवळून मगच काढायची. माणशी १० ग्रॅम, मोजून. सोबत कडक भाकरीचा तुकडा, कारण मऊ भाकरी तासाभरात वाळते आणि सकाळच्या नि दुपारच्या माणसाला वेगळी लागते. कडक भाकरी दिवसभर तशीच राहते.

मध्ये नुसतं पाणी देऊन भागत नाही. मिरचीचा जाळ करणारा घटक पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. चमचाभर दही, मग पाणी, मग तीन मिनिटं थांबणं. तरी एका माणसाला दोनच, फार तर तीन नमुने. चौथ्याला जीभ बधिर झालेली असते.

'कोणती आवडली' एवढाच प्रश्न असेल आणि १०० माणसं असतील तर एका बाजूला किमान ६१ हवीत, तेव्हाच फरक खरा धरायचा. ५७-४३ आलं तर 'सत्तावन जिंकली' असं लिहू नका.

याहून उपयोगाचं म्हणजे तिखट, मीठ, लसूण, तेल या प्रत्येकासाठी पाच पायऱ्या: फारच कमी, थोडं कमी, बरोबर, थोडं जास्त, फारच जास्त. आणि एकूण आवडीला १ ते ९ गुण. मग हिशेब असा. समजा १०० पैकी ३० जणांनी 'तिखट जास्त' म्हटलं आणि त्यांची सरासरी आवड ५.८, तर 'तिखट बरोबर' म्हणणाऱ्यांची ७.४. फरक १.६, त्याला ०.३० ने गुणलं की ०.४८. असंच लसणाचं, मिठाचं काढा. ज्याचा आकडा मोठा ते आधी दुरुस्त करायचं. पाचपैकी एकापेक्षा कमी माणसांची तक्रार असेल तर तिकडे सध्या बघू नका.

पूर्वभागकर (मंगळवार, रात्री १०.१५)

एक भर घालतो. नमुना देणारी, प्रश्न विचारणारी माणसं बचत गटातली नकोत. जिने चटणी कुटली तिच्या तोंडावर 'मीठ जास्त झालंय बाई' असं आपल्याकडे कोण म्हणतं? चटणी कोणाची हे विचारणाऱ्यालाही माहीत नसलेलं उत्तम.

उखळ (बुधवार, सकाळी ७.००)

हा मुद्दा लाखाचा. बाहेरच्या मुलींना घेऊ. किमतीचं काय करावं? '२०० ग्रॅमला किती द्याल' हा चौथा प्रश्न कोणी घेतला नाही.

आकडेमोड (बुधवार, सकाळी १०.२०)

सरळ विचारलं की ग्राहक मनातल्या मनात घासाघीस सुरू करतो आणि कमीच सांगतो. दोन पद्धती करून बघा.

पहिली पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प यांची, १९७६ ची. पाकीट हातात देऊन चार प्रश्न: कोणत्या किमतीला इतकं स्वस्त वाटेल की मालावर शंका येईल? कोणत्या किमतीला स्वस्त पण ठीक? कोणत्या किमतीला महाग वाटेल तरी घ्याल? कोणत्या किमतीला घेणारच नाही? चार आकडे चढत्या क्रमाने यायला हवेत, उलटसुलट आले तर ते उत्तर बाद. सगळ्यांची उत्तरं साठवत आलेख काढले की किमतीचा पट्टा मिळतो. या पद्धतीतून विक्री किती होईल ते कळत नाही, फक्त कुठल्या किमतीच्या बाहेर जाऊ नये ते कळतं.

इथे सोलापूरची खास अडचण म्हणजे डोक्यात बसलेला सुट्या पावशेराचा भाव. समजा सुटी पावशेर ८० रुपयांना, म्हणजे किलोला ३२०. तुमचं २०० ग्रॅम ७० ला, म्हणजे किलोला ३५०. ऐकायला ७० स्वस्त, हिशेबाला महाग. पाकिटावर ग्रॅममागे किंमत छापावी लागते, त्यामुळे दाखवायच्या नमुना पाकिटावरही ती असू द्या. चाचणीत लपवलेली गोष्ट दुकानात उघडी पडते.

दुसरी पद्धत बेकर, डिग्रूट आणि मार्शाक यांची, १९६४ ची. यात खरे पैसे लागतात. ताईंना विचारायचं, जास्तीत जास्त किती द्याल. मग पिशवीतून किमतीची चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवरची किंमत त्यांनी सांगितलेल्या आकड्याएवढी किंवा कमी असेल तर चिठ्ठीच्या किमतीला पाकीट घ्यायचं, जास्त असेल तर व्यवहार नाही. कमी सांगून फायदा नाही, कारण किंमत चिठ्ठी ठरवते आणि हवं असलेलं पाकीट हातचं जाईल. जास्त सांगितलं तर नको त्या किमतीला घ्यावं लागेल. आधी काडेपेटीवर एक सराव फेरी घ्या, नियम समजल्याशिवाय उत्तरं निरर्थक येतात. चिठ्ठ्यांत सगळ्यात मोठी किंमत कोणती ते सांगायचं नाही. चाळीस-पन्नास घरांत केलं तरी पुष्कळ.

मुरारजी (बुधवार, दुपारी १.३०)

आर्थिक गट कसे पाडणार? उत्पन्न विचारलं तर खरं सांगत नाहीत.

प्रश्नचिन्ह (बुधवार, दुपारी २.१५)

उत्पन्न विचारूच नका. भारतीय बाजार संशोधनात २०११ पासून चालत आलेली पद्धत अशी: घरखर्चाचा सर्वात मोठा वाटा उचलणाऱ्या व्यक्तीचं शिक्षण, आणि ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, वॉशिंग मशीन, रंगीत टीव्ही, संगणक, मोटार, एसी, शेतजमीन. यावरून अ१ ते ई३ असे बारा गट पडतात.

दोन ठिकाणी चूक होते. मुलाखतकार सवयीने पुरुषाचं शिक्षण लिहितो. विडी कामगार घरांत घरखर्च बाईच्या मजुरीवर चालत असेल तर शिक्षण तिचं लिहायचं. आणि शेतजमीन शहरातल्या घराला विचारायची राहून जाते. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडे जमीन असणारी घरं शहरात भरपूर आहेत, आणि गावाकडून शेंगा येणारं घर तुमचं पाकीट घेईल का, हा वेगळाच प्रश्न आहे. तो जरूर विचारा.

आकडेमोड (बुधवार, दुपारी ३.००)

उत्तरं ताळ्यावर आहेत का ते पडताळायला सरकारी आकडे वापरा. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत देशाच्या शहरी भागात माणशी महिन्याचा खर्च ६,४५९ रुपये आणि त्यातला अन्नाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास निघाला. ही सरासरी देशाची आहे, पण तुमच्या पाहणीत चटणीवरचा खर्चच माणशी पाचशे आला तर कुठेतरी ग्रॅम-पावशेर घोटाळा झालाय हे लगेच कळेल. शिवाय औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी सोलापूर हे स्वतंत्र केंद्र आहे. २०१६ पायाभूत वर्षाच्या मालिकेत देशभर अशी ८८ केंद्रं आहेत. शहरात महागाई कशी चालली आहे ते दर महिन्याला फुकट मिळतं.

कसबा_पेठ (बुधवार, सायंकाळी ५.५०)

माणसं किती आणि दिवस किती लागतील? आणि पोरं घरी बसून फॉर्म भरतात त्याला उपाय?

पूर्वभागकर (बुधवार, सायंकाळी ६.४०)

वीस मिनिटांची मुलाखत असेल तर एका माणसाच्या दिवसाला आठ होतात, चालणं आणि कुलपं धरून. ४०० ÷ ८ = ५० मनुष्यदिवस. पाच जण, दहा दिवस, वर एक पर्यवेक्षक. दिवसाला पंधरा मुलाखती आणणाऱ्याचं कौतुक करू नका, त्याचे फॉर्म आधी तपासा. पैसे मुलाखतीमागे न देता दिवसाप्रमाणे द्या, खोट्या फॉर्मांचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं.

कोबो टूलबॉक्ससारखं मोबाइलवर इंटरनेटशिवाय चालणारं साधन घ्या. सुरू-शेवटची वेळ आपोआप नोंदवली जाते, जागेची नोंद फॉर्म करतानाच चालू करून ठेवा. संध्याकाळी बघायचं: सगळ्या मुलाखती वेळेप्रमाणे लावल्यावर मधोमध येणाऱ्या मुलाखतीच्या निम्म्याहून कमी वेळात संपलेल्या मुलाखती, सलग सगळीकडे एकच पर्याय, दहा घरांचं ठिकाण एकाच बिंदूवर. त्या घरांत दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाने जायचं. याशिवाय दर दहातलं एक घर चिठ्ठीने निवडून पुन्हा विचारायचं, पण मतं नव्हे, न बदलणाऱ्या गोष्टी: घरात माणसं किती, फ्रिज आहे का, मुलाखत किती वेळ चालली, पाकीट दाखवलं होतं का.

संमती आधी घ्या, कशासाठी विचारतोय आणि मध्येच थांबता येईल हे सांगून. फोन नंबर वेगळ्या तक्त्यात, उत्तरांच्या शेजारी नको. तपासणी संपली की नंबर पुसून टाका. ते नंबर जाहिरातीच्या व्हॉट्सअ‍ॅप यादीत टाकणं म्हणजे विश्वासघात आहे. पुढच्या पाहणीला त्या गल्लीत कोणी दार उघडणार नाही.

जिभेची_पारख (बुधवार, रात्री ९.१०)

शेवटचा टप्पा राहिला, घरी वापरून बघण्याचा. कोकाकोलाने १९८५ मध्ये जवळजवळ दोन लाख चव चाचण्या करून नवी चव आणली आणि ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली. घोटभर पिताना गोड बरं वाटतं, पण घरी अख्खी बाटली पिणं वेगळं. शिवाय जुनी बंद होणार हे लोकांना धड विचारलंच नव्हतं. चटणीचंही एका घासात तेल-मीठ जास्त असलेली पुढे जाते. आठवडाभर ताटात आली की तीच नकोशी होते.

म्हणून ६० घरांत साधं, नाव नसलेलं २०० ग्रॅमचं पाकीट द्या. देण्याआधी भरलेलं आणि रिकामं पाकीट ग्रॅमपर्यंत वजन करून लिहा. सातव्या दिवशी जाऊन उरलेलं वजन करा. समजा ६८ ग्रॅम उरली, घरात चार माणसं: १३२ ÷ २८ = माणशी रोज ४.७ ग्रॅम. त्या घराला २५० ग्रॅमचं पाकीट तेरा दिवस पुरेल, १०० चं पाच. पाकिटाचा आकार इथून ठरतो, मत विचारून नाही. पाहुणे आले होते का, शेजारी वाटीभर दिली का, हे विचारून वजा करा. पाकीट कुठे ठेवलं होतं ते स्वतः बघा. गॅसच्या वरच्या फळीवर, उन्हात, तोंड उघडं राहिलं तर शेंगदाण्याचं तेल लवकर खवट होतं आणि दोष तुमच्या चटणीवर येतो. किती घरांनी दुसऱ्या डब्यात काढली तेही मोजा. बहुतेकांनी काढली असेल तर झिप लावलेल्या महागड्या पाऊचवर खर्च करायची गरज नाही.

उखळ (बुधवार, रात्री ९.४५)

सातव्या दिवसाआधीच पाकीट संपलं तर?

जिभेची_पारख (बुधवार, रात्री १०.००)

तेव्हा 'निदान २०० ग्रॅम' एवढंच कळतं, सरासरीत २०० धरली तर खप कमी दिसतो. म्हणून चौथ्या दिवशी एक फोन करा आणि संपलं असेल तर कोणत्या दिवशी ते लिहून घ्या, भागाकार त्या दिवसांनी करायचा. त्या घराला दुसरं पाकीट फुकट देऊ नका. 'हवंय का' विचारा, हो म्हणाले तर ठरलेली किंमत सांगा आणि पैसे घ्या. किती घरांनी पैसे काढले ते वेगळ्या रकान्यात.